एकटीला बाक नाही

या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "बाई, आपण कॉलेजात कोणता विषय शिकवत होता?" मी म्हटलं, "विषय कुठला? मी बसत होते." त्यांना वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हती. सोलापुरात त्या काळी एक छोटंसं आर्ट्‌स कॉलेज होतं. ते बंद पडूनही आता पुष्कळ वर्षं झाली आणि त्या इमारतीत सरकीचं गोदाम आहे. त्या कॉलेजात बसून राहण्यासाठी मला नेमलं होतं. हुद्दा भारदस्त होता, लेडी सुपरिंटेंडेंट. टांगेवाले मात्र मला 'लेडीज रूमची बाई' म्हणत आणि तेच खरं होतं.

लेडीज रूम म्हणजे काय, हे आजच्या मुलींना समजावून सांगावं लागेल. आमच्या कॉलेजात मुलींनी वर्गात आपल्या आपण जायचं नाही, असा रिवाज होता. मुलींनी माझ्या खोलीत थांबायचं. घंटा झाली की तासाचे प्रोफेसर खोलीच्या दाराशी येऊन खाकरायचे. मग प्रोफेसर पुढे, त्यांच्या मागे खाली मान घालून मुली आणि वर्गाच्या दारापर्यंत मी, अशी वरात निघायची. मुलींचा बाक भिंतीला लागून तिरपा ठेवलेला असे, म्हणजे मुलांना फक्त वेण्या दिसाव्यात. तास संपला की पुन्हा प्रोफेसरांच्या मागून परत. दिवसातून जितके तास तितक्या वराती. मी पस्तिशीतली विधवा, प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. माझ्याकडे पाहून आईबापांना धीर येतो, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी मुलाखतीत सांगितलं. एवढीच माझी लायकी त्यांनी विचारात घेतली.

आमचे लॉजिकचे प्रोफेसर भले होते, पण विसराळू. आठवड्यातून एकदा तरी ते लेडीज रूमकडे यायचे विसरून थेट वर्गात जायचे आणि शिकवू लागायचे. त्यांच्याशिवाय जायचं नाही, असा नियम. मग मुली माझ्या खोलीत भिंतीला कान लावून पलीकडचं लॉजिक वहीत उतरवून घेत. तासाच्या शेवटी त्यांना बाक रिकामा दिसे आणि ते धावत येत, "अरेरे, मुली राहिल्याच की." संस्कृतचे प्रोफेसर याच्या उलट. त्यांना मुलींचा कधी विसर पडत नसे. नाटकात शृंगार आला की ते चष्मा पुसायचे आणि "हे श्लोक आपण घरी पाहा" म्हणून पान उलटायचे. त्या दिवशी लायब्ररीत त्या पुस्तकाची एकही प्रत मिळत नसे. मुलींनी ते श्लोक आधीच वाचलेले असत, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

एकदा एक वकील आपल्या मुलीचा प्रवेश घेण्याआधी खोली बघायला आले. इकडे बसून बघ, तिकडे बसून बघ, असं करत त्यांनी शोधून काढलं की खिडकीतून मुलांचं व्हॉलीबॉलचं मैदान दिसतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीला खिळे मारून घेतले. वकिलांनी मुलीला पाठवलं नाही ते नाहीच, तिचं लग्न केलं. खिळे राहिले. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना बंद खिडकीची खोली म्हणजे काय, ते सांगायला नको. आम्ही ओल्या पंच्यानं तोंड पुसत बसायचो आणि बाहेर मुलं चेंडू मारायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायचं मनात नसतं तर मी संपादकांना चहा देऊन वाटेला लावलं असतं.

कॉलेजात एक नियम होता. वर्गात एकटी मुलगी बसवायची नाही, कमीत कमी दोघी हव्यात. हा नियम कसा आला, तेही ऐका. मी लागण्याच्या आधी एका वर्गात एकच मुलगी होती. कोणीतरी फळ्यावर तिच्याबद्दल वाटेल ते लिहिलं. लिहिणारा कोण हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, पण त्याला कोणी हात लावला नाही. फळा पुसला आणि मुलीला घरी पाठवलं. वर पुन्हा असं होऊ नये म्हणून नियम केला. मुलींच्या काळजीपोटी केला, असं प्रिन्सिपॉलसाहेब सांगत. ते पुण्याचे, सुधारक, स्त्रीशिक्षणावर मासिकांतून लेख लिहिणारे. लेख चांगले असत.

मी सांगते त्या वर्षी कॉलेजात मुली उरल्या होत्या दोनच, दोघीही इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. पहिली नागमणी, पूर्वभागातल्या तेलुगू विणकर घरची. घरात माग होते, चादरींचा धंदा बरा चालत होता. ती बोलायची कमी आणि वाचायची फार. दुसरी गौरी, बार्शीच्या लिंगायत आडत्याची मुलगी. नव्या पेठेत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर आत्याकडे राहायची. गौरीची जीभ तिखट. बी. ए. व्हायचं आणि बार्शीच्या मुलींच्या शाळेत हेडबाई व्हायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. वडिलांनी कबूल केलं होतं, "नापास होईपर्यंत शिकवीन." माढ्याचं एक बिजवराचं स्थळ तेवढ्यासाठीच ताटकळत होतं. म्हणून गौरी नापास व्हायची नाही, याची मला खात्री होती. धोका दुसराच होता. दोघींपैकी एक गेली की दुसरी आपोआप जाणार होती. त्यांनाही ते ठाऊक होतं. एकीला साधा ताप आला तरी दुसरी टांगा करून तिच्या घरी चौकशीला जायची.

नागमणीच्या सोबत व्यंकटेश असायचा. तोही इंटरलाच. अंगानं थोराड, चेहऱ्यानं गरीब, शेवटच्या बाकावर बसायचा. त्याला कॉलेजची आवड अजिबात नव्हती. दुपारी तो लेडीज रूमच्या दाराबाहेर उभा राहून हळूच हाक मारायचा, "नागू, डबा." डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी गौरीसाठी वेगळी बांधलेली असे, कारण तिला लसूण जास्त लागायचा.

एकदा मी त्याला विचारलं, "व्यंकटेश, वह्या कोऱ्या का रे तुझ्या?"

तो म्हणाला, "बाई, मला कशाला लिवायचंय? तिला शिकायचंय. घरची मंडळी एकटी सोडत न्हाईत, म्हनून मी नाव घातलं. मला काय, माग हाय की."

मुलीनं परक्या मुलाशी बोलायचं नाही, नात्यातल्याशी बोलायचं तेही माझ्यासमोर, असाही नियम होता. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला विचारलं होतं, "तो मुलगा कोण लागतो तिचा?" मी सांगितलं, "मामा. आईचा सख्खा धाकटा भाऊ." ते प्रसन्न झाले. "मामा ना? मग काही हरकत नाही. मामा म्हणजे आईच्याच ठिकाणी." त्यांच्या डोक्यातला मामा चांदोबा दाखवणारा, सुट्टीत तूपपोळी खाऊ घालणारा. आमच्या सोलापुरात तेलुगू आणि लिंगायत घरांतून भाचीचा पहिला हक्कदार मामाच असतो, हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक असतं. मला त्यात मुद्दाम सांगण्यासारखं काही वाटलं नाही. सोलापुरातल्या कोणालाच वाटलं नसतं.

कॉलेजचं सामाजिक जीवन म्हणायचं तर वर्षातून एक स्नेहसंमेलन. त्यात मुलं नाटक करायची. मुलींनी रंगमंचावर जायचं नाही, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड बसून बघायचं. नायिकेचं काम मोहिते नावाचा एक नाजूक मुलगा करायचा. आदल्या वर्षीच्या संमेलनाला तो माझ्या दाराशी येऊन गौरीचं इरकली लुगडं मागून घेऊन गेला होता.

गौरी म्हणाली होती, "लुगडं चालतंय, मी चालत न्हाय. लई भारी कॉलेज हाय की."

लुगडं परत आलंच नाही. मी दोनदा आठवण केली, तेव्हा संमेलनाच्या पेटीत असेल, असं उत्तर मिळालं.

नवरात्रात प्रिन्सिपॉलसाहेबांच्या पत्नीनं बंगल्यावर हळदीकुंकू केलं. मुलींना बोलावणं होतं आणि त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझं. मला कुंकू नव्हतं, म्हणून मी व्हरांड्यात खुर्चीवर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. नायब तहसीलदारांच्या, डॉक्टरांच्या, पुण्याकडच्या बायका जमल्या होत्या. प्रिन्सिपॉलसाहेबांची पत्नी मनानं वाईट नव्हती. तिनं नागमणीची ओटी भरताना कौतुकानं विचारलं, "अगं, तुझं कुठे जमवलंय की नाही अजून?"

"व्हय. ठरलंय. बी. ए. झाल्यावर करायचंय."

"कोणाशी?"

"मामांशी."

"कोणाच्या मामांशी?"

"माज्याच की."

आतल्या बांगड्या एकदम वाजायच्या थांबल्या. नागमणीला वाटलं, आपलं मराठी त्यांना कळलं नसावं. म्हणून तिनं बिचारीनं आणखी खुलासा केला. "व्यंकटेशमामा हायेत की. आमच्याच वर्गात. सर त्यांना वळखतात."

कोणीतरी "अगं बाई" म्हटलं. मग गौरीचा आवाज आला, "आमच्यात बी चालतंय. माजी आई माज्या बाबांची भाचीच हाय." मुली बाहेर आल्या तेव्हा नागमणीच्या ओटीत नारळ नव्हता. द्यायचा राहून गेला, असं मी स्वतःला सांगितलं. तो राहून गेला नव्हता.

चार दिवसांत कमिटीची बैठक बसली. मला बोलावलं होतं. टेबलाच्या एका टोकाला प्रिन्सिपॉलसाहेब, बाजूला डॉक्टर, एक पेन्शनर मुन्सफ आणि नव्या पेठेतले एक मोठे कापडवाले. त्यांना सगळं गाव मालक म्हणायचं. कॉलेजला जागा त्यांनीच दिली होती.

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "बाई, आपण ही गोष्ट मला सांगायला हवी होती."

"मी सांगितलं होतं. मामा आहे म्हणून."

"तो मामा नाही. तो तिचा नियोजित वर आहे."

"साहेब, तो दोन्ही आहे."

मुन्सफ म्हणाले, "म्हणजे वर्षभर आपल्या डोळ्यांदेखत वाग्दत्त वधूवर दाराशी उभे राहून बोलत होते. गावात काय म्हणतील? कॉलेजात लग्नं जुळतात म्हणतील."

मी म्हटलं, "त्यांचं लग्न पाळण्यात जुळलंय. कॉलेजनं काही केलेलं नाही. आणि बोलत होते म्हणजे काय, तर डबा."

मग नात्याचाच विषय निघाला. डॉक्टरांनी रक्ताबद्दल काहीतरी सांगितलं. प्रिन्सिपॉलसाहेब 'किळस' हा शब्द फार सावकाश उच्चारले आणि 'आपल्या संस्थेचं नैतिक वातावरण' असंही म्हणाले. मालक खाली बघून सुपारी कातरत होते. मालकांची पत्नी त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. साऱ्या नव्या पेठेला माहीत. तिच्या डोहाळजेवणाला मी स्वतः गेले होते, तेव्हा माझा नवरा जिवंत होता. मी वाट पाहिली की हा माणूस आता तोंड उघडेल. सुपारीचा भुगा झाला तरी त्यांनी उघडलं नाही. तेव्हा मीच विचारलं, "मालक, तुमच्या घरी काकूंना काय वाटेल हे ऐकून?"

मालकांनी अडकित्ता मिटला. राग नव्हता त्यांच्या आवाजात, तेच मला आजही खुपतं. ते म्हणाले, "बाई, घरचं घरी. कॉलेजचं कॉलेजात."

ठराव झाला की दोघांपैकी एकानं कॉलेज सोडावं. कोणी सोडावं, हे त्यांनी उदारपणानं त्या दोघांवर सोपवलं.

व्यंकटेशनं क्षणभरही विचार केला नाही. "मी जातो की. मी फाटकापतुर येईन तिच्यासंगं, फाटकाभाईर बसीन. डबा बाई नेतील आत." मला हायसं वाटलं. नियमानं दोघी मुली शिल्लक राहत होत्या. मी प्रिन्सिपॉलसाहेबांना तसं सांगितलंही. गौरीनं त्या दिवशी सगळ्यांना शेंगाचटणी वाटली.

पण बैठकीत काय काय बोललं गेलं, ते गावात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या सोमवारी नागमणीचे वडील आले. पांढरं धोतर, काळी टोपी, बोटांना सुताच्या रंगाचे डाग. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत ते बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"माजी बायको, माजी आई, समद्या अशाच आल्या घरात. तुमी त्याला वाईट शब्द बोललासा. माजी पोरगी जितं तिच्या आईची किळस करत्यात तितं येनार न्हाय."

"आपला गैरसमज झाला आहे," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. "आम्हाला मुलगी हवीच आहे. आमची तक्रार फक्त..."

"तुमची तक्रार आमच्या घराची हाय," असं म्हणून ते निघाले. नागमणी माझ्या खोलीत आली. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. तिनं आपली पुस्तकं गौरीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तू तरी बी. ए. हो." मग वडिलांच्या मागून गेली. प्रोफेसरांच्या मागे जायची, तशीच खाली मान घालून.

दुसऱ्या दिवशी गौरी एकटी. प्रिन्सिपॉलसाहेब काही बोलण्याआधीच मी एक केलं. लॉजिकचे प्रोफेसर दाराशी आले. गौरी उठली, मीही उठले आणि वर्गाच्या दारात न थांबता आत जाऊन तिच्या शेजारी त्या तिरप्या बाकावर बसले. मुलं खसखसली. प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं, हजेरी घेतली आणि शिकवायला लागले. तो विसराळू माणूस त्यानंतर एकदाही दाराशी यायला विसरला नाही. असा आम्ही जवळजवळ आठवडा काढला. मला लॉजिकमधलं बरंचसं कळलं नाही, पण शेजारी गौरीचा टाक सरसर चालायचा, ते ऐकत बसायला बरं वाटायचं.

शेवटी मला बोलावणं आलं. "बाई, आपण विद्यार्थिनी नाही."

"मग मला नाव घालू द्या. मी मॅट्रिक आहे."

"आपल्याला पहिल्या वर्षात घेता येईल. ती इंटरला आहे. वर्ग वेगळा." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आपल्या भावना मी समजू शकतो. पण तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"साहेब, तिला धोका कोणापासून आहे?"

यावर त्यांनी पेनला टोपण लावलं.

गौरीचे वडील बार्शीच्या गाडीनं आले. कॉलेजनंच मुलगी परत केली, याचा त्यांना रागही आला नव्हता. उलट ओझं उतरल्यासारखे दिसत होते. गौरी मात्र माझ्या खोलीतून हलेना. दोन हातांनी टेबल धरून उभी राहिली.

"अप्पा, तुमी नापास होईपर्यंत शिकवीन म्हनला होता. मी नापास कुटं झाले?"

ते बिचारे गडबडले. "न्हाय झालीस गं. पन कॉलेजच न्हाय म्हनतंय, मी काय करू?"

"मग मला नापास तरी करा की," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "एकदा पेपराला बसवा आन् नापास करा. मग जाते."

त्याच फाल्गुनात ती माढ्याला दिली. नागमणीचं लग्नही उरकलं. व्यंकटेश नंतर कधी बाजारात भेटला की खाली बघून म्हणायचा, "नागू वाचती अजून, बाई. मी पुस्तकं आनून देतो." कॉलेजनं ज्याला घालवलं, तो एकटाच आपला शब्द पाळत होता. गौरीची खबर मला कोणी दिली नाही आणि विचारायला जायचं धाडस मला झालं नाही.

मुली नाहीत म्हटल्यावर लेडीज रूम कशाला आणि मी तरी कशाला? संमेलन होईपर्यंत राहा, मग बघू, असं मला सांगण्यात आलं. गौरीच्या लग्नाआधी, पौषात संमेलन होतं. त्या संध्याकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर मोहिते दाराशी आला. "बाई, आम्हाला रंगायला ही खोली दिली आहे. बंद खिडकीत बत्त्यांच्या धगीनं रंग वितळतो, म्हणून शिपाई खिळे काढणार आहे." शिपायानं पकडीनं खिळे उपटले. खिडकी उघडली आणि वारा आत आला. मी त्या खोलीत इतके उन्हाळे काढले, पण तिथे वारा येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मोहित्यानं पेटीतून लुगडं काढलं. गौरीचं इरकली. त्याला नेसता येईना, मीच नेसवलं. निऱ्या घातल्या, पदर खांद्यावरून घेतला. लुगडं नीट बसलं. तेवढ्यात नाटक बसवणारे संस्कृतचे प्रोफेसर आले आणि सवयीनं दाराबाहेर थांबून खाकरले. मोहित्यानं मान खाली घातली आणि त्यांच्या मागून चालू लागला. मी दारापर्यंत गेले. हॉलमध्ये सगळं कॉलेज बसलं होतं. पुढच्या रांगेत प्रिन्सिपॉलसाहेब होते, मालक होते. त्याला पाहताच सगळ्यांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

तो एकटाच होता. त्याच्याबरोबर दुसरी कोण आहे, असं कोणी विचारलं नाही.